कापड, कर्ज आणि भक्ती : मुक्तिबोधांचा एक निबंध छत्तीसगडातून वाचताना

गजानन माधव मुक्तिबोध यांनी १९५५ साली ‘मध्ययुगीन भक्ति आंदोलन का एक पहलू’ हा निबंध लिहिला. हिंदी समीक्षेत तो आजही वादाचा आणि अभ्यासाचा विषय आहे. मराठीत मात्र त्याची जेवढी दखल घ्यावयास हवी होती तेवढी घेतली गेली असे म्हणवत नाही. ही उपेक्षा चमत्कारिक आहे. लेखकाच्या घरची भाषा मराठी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतील कवी, कादंबरीकार आणि ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाचे कर्ते. आणि निबंधात जो पुरावा मांडला आहे त्यात महाराष्ट्रातील संतांना मोठे स्थान आहे. एकाच घरात दोन भाषांची समीक्षा नांदली, पण तिचा परस्परांशी संवाद व्हावा तसा झाला नाही. छत्तीसगडात राहणाऱ्या मराठी वाचकाला हा निबंध वाचताना आणखी एक गोष्ट जाणवते. या निबंधाचा पुढचा भाग, जो मुक्तिबोधांनी लिहिला नाही, तो याच भूमीत घडलेला आहे. प्रस्तुत लेखनाचा हेतू तो भाग चाचपून पाहणे हा आहे.

निबंधाचा युक्तिवाद थोडक्यात असा. भक्तीची चळवळ उठली ती समाजाच्या खालच्या थरांतून. विणकर, चांभार, न्हावी, शिंपी, कुंभार अशा जातींतील माणसांनी ईश्वराशी थेट नाते जोडले आणि त्या नात्याच्या बळावर वर्णव्यवस्थेच्या अधिकाराला प्रश्न विचारला. पुढे उच्चवर्णीयांनी या चळवळीत प्रवेश केला, तिला पुराणांच्या चौकटीत बसवले, निर्गुणाच्या जागी सगुणाची प्रतिष्ठा केली, आणि कृष्णभक्तीकडून रामभक्तीकडे येता येता मूळच्या बंडखोरीची धार बोथट होऊन वर्णाश्रमाला पुन्हा मान्यता मिळाली. रामभक्तीच्या शाखेत खालच्या जातीतून आलेला एकही प्रभावी कवी का दिसत नाही, हा मुक्तिबोधांचा प्रश्न या साऱ्या विवेचनाचा कणा आहे. तुलसीदासांच्या काव्याचे मोठेपण त्यांना अमान्य नाही; ते मोठेपण कोणत्या सामाजिक घडामोडीच्या शेवटी उभे आहे, एवढेच त्यांना विचारावयाचे आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न सर्वस्वी नवा नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या १९०० सालच्या इंग्रजी ग्रंथात संतांच्या कार्याची युरोपातील धर्मसुधारणेशी तुलना केली आणि त्यात राष्ट्रीय जागृतीचे बीज पाहिले. राजवाड्यांना ही उपपत्ती मानवली नाही. सहिष्णू धर्म आणि जयिष्णू धर्म असा भेद करून त्यांनी संतांना पहिल्या कोटीत बसवले. गं. बा. सरदार यांनी ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ (१९५०) या पुस्तकात दोन्ही टोके टाळून संतकार्याचे सामर्थ्य आणि मर्यादा एकत्र मांडल्या. या तिन्ही भूमिकांत, आणि मुक्तिबोधांच्याही भूमिकेत, एक समान विशेष आहे. भक्तीचे मोजमाप करताना हे सर्व विचारवंत जात, धर्म आणि राज्य या तीन मापांचा उपयोग करतात. बाजार हे चौथे माप कोणी फारसे हाती घेत नाही. संतांची यादी वाचली तरी ते माप समोर येते, कारण ती बव्हंशी कारागिरांची आणि दुकानदारांची यादी आहे. पण यादीतील जात वाचली जाते, धंदा वाचला जात नाही. शिंपी हा शब्द आपण वर्णव्यवस्थेतील स्थान म्हणून वाचतो. शिंपी कापड कोठून आणतो, उधारीवर आणतो की रोखीने, बाजाराच्या दिवशी त्याला किती सुटते, हे प्रश्न वाङ्मयाच्या कक्षेबाहेरचे मानले जातात.

संतचरित्रांनी ते तसे मानले नव्हते. नगर जिल्ह्यातील ताहराबादच्या महिपतींनी शके १६८४ म्हणजे १७६२ साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला. त्यातील नामदेवाची कथा आठवावी. वडिलांनी बाजारात कापड विकावयास पाठविलेला हा मुलगा ते कापड दगडांना उधारीवर देतो आणि वसुलीसाठी एका धोंड्यालाच जामीन म्हणून घरी आणतो. घरचे लोक कपाळावर हात मारून घेतात. पण तो धोंडा सोन्याचा होतो. कबीराचीही अशीच कथा आहे : विकावयास नेलेले वस्त्र तो याचकाला देऊन टाकतो, आणि घरी धान्य देवाकडून येऊन पडते. दोन्ही कथांचा रचनाबंध एकच आहे. भक्त बाजाराचा नियम मोडतो आणि देव येऊन ती तूट भरून काढतो. चमत्कार म्हणून आपण या कथा सोडून देतो किंवा भक्तिभावाने ऐकतो. पण हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांत बाजाराचा अवमान नाही. येणे येतेच, फक्त वेगळ्या हातून येते. अठराव्या शतकातील श्रोत्याला, ज्याच्या मानेवर सावकाराचे जू बसलेले होते, ही कथा किती दिलासा देणारी वाटली असेल याची कल्पना करता येते. त्याबरोबरच ही कथा त्या श्रोत्याला कर्ज बुडवावयास शिकवीत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

तुकारामांची कथा या साच्यातून सुटते. दुष्काळात व्यापार बुडालेला, घरी अन्नान्नदशा, आणि देहूचे हे महाजनांचे घर लोकांकडून येणे असलेल्या घरांपैकी एक. खतांच्या कागदांची वाटणी होते. धाकटे बंधू कान्होबा आपला अर्धा भाग ठेवून घेतात आणि तुकाराम आपला अर्धा इंद्रायणीत सोडून देतात. ही कथा ज्या परंपरेने जपली तिने येथे चमत्कार घडवून आणला नाही. कागद पाण्यातून कोरडे निघाले ते अभंगांचे. खते बुडाली ती बुडालीच. भक्तिकथांच्या विश्वात हा एक अपूर्व प्रसंग आहे : येणे खरोखर सोडले जाते आणि देव ते भरून देत नाही. तरीही अर्धे कागद कान्होबाकडे राहतातच, हा तपशील परंपरेने गाळला नाही. मला तो फार मोलाचा वाटतो. एका घरात, एकाच दिवशी, भक्ती आणि सावकारी शेजारी शेजारी चालू राहतात, आणि दोन भावांत त्यावरून भांडण झाल्याचे कोणी सांगत नाही.

आता छत्तीसगडाकडे वळावे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या वतीने भास्करपंतांनी रतनपूरवर स्वारी केली. १७५८ पासून रघूजींचे पुत्र बिंबाजी रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. ‘भक्तविजय’ आणि बिंबाजींची रतनपूरची वस्ती या चार वर्षांच्या अंतराने घडलेल्या गोष्टी आहेत. बिंबाजींनी मराठी आणि मोडीचा वापर रूढ केला, दसऱ्याला सोने वाटण्याची रीत आणली, असे छत्तीसगडचे इतिहासकार सांगतात. रतनपूरच्या रामटेकडीवरील राममंदिर त्यांचे आहे, आणि नागपूरजवळचे रामटेक ज्याने पाहिले आहे त्याला या टेकडीच्या नावातच एका राजघराण्याची आठवण ऐकू येते. रायपूरच्या दूधाधारी मठातील भित्तिचित्रांवरही भोसलेकालीन मराठी हाताची छाप आहे. रामभक्ती आणि सत्ता यांचे सख्य असते, हे मुक्तिबोधांचे निरीक्षण येथे जसेच्या तसे लागू पडते. येथील मराठी समाज या वास्तूंकडे अभिमानाने पाहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. पण १७८७ मध्ये बिंबाजींच्या निधनानंतर १८१८ पर्यंत हा प्रांत सुभेदारांकडे मक्त्याने दिला जात होता, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. मक्ता घेणाऱ्याला मुदतीत भरणा करावयाचा असे, आणि भरणा करण्यासाठी कोणाकडून तरी रोकड उचलावी लागे. ती रोकड कोणाकडे होती, हा आपल्या विषयाचा मर्मबिंदू आहे.

ती ज्यांच्याकडे होती त्यांपैकी एकाची हकीकत ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या गॅझेटियरांत नोंदलेली आहे. प्रह्लाददास नावाचा एक वैष्णव बैरागी अठराव्या शतकात पंजाबातून शालींचा व्यापार करीत रतनपुरास आला आणि तेथेच स्थिरावला. त्याच्या पंथात लग्न नव्हते. त्याच्यामागे शिष्य हरिदास गादीवर आला. शालींच्या व्यापारातून सावकारी वाढली, आणि जमीनदारांना व मक्तेदारांना दिलेली कर्जे थकली तेव्हा त्यांच्या मोबदल्यात मुलूख हाती येऊ लागला. पांडादाह, नांदगाव, पाटा, मोहगाव असे परगणे या महंतांकडे एकामागून एक जमा झाले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६५ मध्ये इंग्रजांनी महंत घासीदास यांना संस्थानिक म्हणून मान्यता दिली. खांद्यावर शालींचे गाठोडे घेऊन आलेल्या बैराग्याची शिष्यपरंपरा काही पिढ्यांत राजेपदाला पोचली, आणि गाव राजनांदगाव या नावाने ओळखले जाऊ लागले.

ही एखाद्या भाग्यवान घराण्याची गोष्ट म्हणून सांगता येईल. पण तिच्यामागे एक यंत्रणा आहे आणि ती उत्तर हिंदुस्थानातील गोसाव्यांवर काम करणाऱ्या अभ्यासकांनी चांगली उलगडून दाखविली आहे. गृहस्थ वाण्याचे भांडवल दर पिढीला मुलांत विभागले जाते. बैराग्याचे भांडवल अखंड एका शिष्याकडे जाते. यात्रेची वाट आणि व्यापाराची वाट बहुधा एकच असते, आणि साधूच्या सामानावर जकातीचा हात सैल पडतो. मठ ठिकठिकाणी असल्याने एका गावी भरलेली रक्कम दुसऱ्या गावी मिळण्याची सोय होते. शिवाय साधूचे देणे बुडविणे हे नुसते बेइमानीचे काम राहत नाही, ते पाप होते. संन्यासाच्या ज्या नियमांनी माणसाला संसारातून सोडवावयाचे, त्याच नियमांनी त्याचे भांडवल अधिक भक्कम झाले. अठराव्या शतकातील पुणे आणि नागपूर येथील गोसावी सावकार याच घडणीचे. आणि धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी? पहिल्या बाजीरावापासून अनेक सरदारांना त्यांनी कर्जे दिली, द. ब. पारसनीस यांनी १९०० साली त्यांचा पत्रव्यवहार छापला, त्यात आशीर्वाद आणि तगादा एकाच लेखणीतून उतरतात. त्या पत्रांना हसण्याची आपल्याकडे एक रीत पडून गेली आहे. ती रीत सोडून वाचली तर अठराव्या शतकातील मराठी राज्याची पत कोणत्या पायावर उभी होती, याचे इतके मोकळे दर्शन दुसरीकडे क्वचितच मिळेल.

येथे फार जुन्या काळाशी एक तुलना करावीशी वाटते. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले : दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण या दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे. हिशेब तंतोतंत जुळतो. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. कापड, व्याज आणि विहार हे तीन घटक येथेही आहेत आणि सोळाशे वर्षांनी रतनपुरातही आहेत. यालाच सातत्य म्हणून समाधान मानणारे लेखन आपल्याकडे उदंड आहे. परंतु घटक तेच राहून त्यांची मांडणी बदलली आहे, आणि इतिहास त्या बदलात आहे. नाशिकला भांडवल विणकरांच्या हाती होते आणि भिक्षू व्याजाचा लाभार्थी होता. रतनपूरला भांडवल महंताच्या हाती आहे, कर्जदार आहे जमीनदार, आणि विणकर या व्यवहारात कोठे दिसतच नाही. श्रेणी मोडली, तिची पत मठाकडे गेली. ही स्थित्यंतरे नेमकी कोणत्या शतकात आणि कशी झाली हे सांगणे इतिहासकाराचे काम. पण भक्तीच्या वाङ्मयाचा समीक्षक त्यांच्याकडे पाठ फिरवून आपले काम पुरे करू शकत नाही. विणकराच्या हातून पत गेल्यानंतरच्या जगात एक विणकर काशीत बसून बोलू लागतो, ही गोष्ट काव्याच्या अर्थाबाहेरची कशी?

तो विणकर छत्तीसगडात आला तो एका वाण्याच्या द्वारे. कबीरांचे शिष्य धर्मदास हे परंपरेनुसार बांधवगडचे धनाढ्य व्यापारी. छत्तीसगडातील कबीरपंथाची मुख्य शाखा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कुदुरमाल, कवर्धा, दामाखेडा अशी तिची पीठे झाली. या शाखेतील गुरू गृहस्थ असतो आणि गादी वंशपरंपरेने चालते. बेचाळीस वंशांपर्यंत ती चालेल असे वचन पंथात सांगितले जाते. दुसऱ्या बाजूला पनका ही जात आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात गांडा या विणकर जातीतून कबीरपंथ स्वीकारून वेगळा झालेला समाज म्हणून तिची नोंद आहे. म्हणजे गुरू वाण्याच्या कुळातला, शिष्य विणकर, आणि दोघांच्या मध्ये एका विणकराचे शब्द. ज्या दोन समाजांचे बाजारात देणेघेणे असते त्यांना पंथाने एका पंगतीला आणले, हे खरे. पंगतीत गुरूचे आसन कोणाकडे राहिले हेही तितकेच खरे. मुक्तिबोधांच्या उपपत्तीत वरून येणारा ब्राह्मण चळवळ ताब्यात घेतो. येथे ब्राह्मण आलाच नाही, सगुण आले नाही, तुलसीदासांची गरज पडली नाही. निर्गुण आपल्या जागी राहिले आणि वंश, गादी, मालमत्ता यांच्या वाटेने आतूनच स्थैर्य आले.

हाच अनुभव सतनामी पंथात अधिक तीव्रपणे दिसतो. गुरू घासीदास (१७५६-१८५०) हे गिरोदचे. मक्त्याच्या अमलात ज्यांचे सर्वाधिक हाल झाले त्या चर्मकार समाजात त्यांनी एका सतनामाचा, मूर्ती आणि जातिभेद नाकारणारा मार्ग सांगितला. तेली आणि राऊत समाजातूनही काही माणसे त्यात आली. मद्य आणि मांस वर्ज्य केले गेले. पांढरा जैतखांब हे पंथाचे चिन्ह आजही गावोगावी उभे आहे. (नावसाधर्म्याने गोंधळ होऊ नये म्हणून सांगावयास हवे, की नांदगावचे महंत घासीदास आणि हे गुरू घासीदास या भिन्न व्यक्ती आहेत. एकाच प्रदेशात, जवळजवळ एकाच शतकात, एक घासीदास राजा झाले आणि एकाने राजाची व पुरोहिताची गरजच नाकारली.) पण गुरूंच्या मागे गादी पुत्राकडे, बालकदासांकडे गेली, भंडार येथे गुरुपीठ झाले, पुढे गुरूंचे घराणे गावांचे मालगुजार झाले. बालकदासांची १८६० मध्ये हत्या झाली. या पंथाचा सामर्थ्यशाली इतिहास सौरभ दुबे यांनी १९९८ मध्ये ग्रंथरूपाने मांडला आहे, आणि त्यात गुरू हा एकाच वेळी उद्धारकर्ता आणि जमीनमालक कसा होतो याचे चित्र आहे. मराठी वाचकाने यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. इंद्रायणीत खते बुडविणाऱ्या तुकारामांचे पुत्र नारायणबुवा यांनी पालखीची प्रथा घातली आणि छत्रपतींकडून त्यांना इनाम गावे मिळाली. त्या इनामाशिवाय पालखी टिकली असती का, हा प्रश्न मी उपरोधाने विचारीत नाही. पंढरीची वाट ज्या अन्नछत्रांनी, घोड्यांनी आणि तंबूंनी चालती राहिली ती कोणीतरी पुरविली होती. पंढरपूरच्या मंदिरातील चौऱ्यांशीचा शिलालेख (शके ११९५ ते ११९९) हा तरी काय आहे? देणगीदारांची यादी.

तेव्हा मुक्तिबोधांच्या निबंधाविषयी काय म्हणावे? त्यांचा प्रश्न अचूक आहे, त्याचे उत्तर अपुरे आहे. चळवळ का थंडावली याचे उत्तर त्यांनी विचारप्रणालीत शोधले : निर्गुण हरले, सगुण जिंकले. छत्तीसगडाचा दाखला सांगतो की निर्गुण न हरताही थंडावू शकते. ज्या संघटनेला टिकावयाचे आहे तिला धान्य, जागा आणि वारस लागतात, आणि ही तिन्ही तत्कालीन समाजात सावकारी, जमीन आणि वंश यांच्याकडूनच मिळत. त्यामुळे उच्चवर्णीयांचे आक्रमण हे एकमेव कारण राहत नाही. काही ठिकाणी ते कारणच नसते. अर्थात या दुरुस्तीचा उपयोग मुक्तिबोधांचा मूळ आरोप पुसून टाकण्यासाठी करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सर्वच पंथ शेवटी संस्था होतात, मग कोणी कोणाला दोष द्यावा, असे म्हणून हात झटकणारी एक समंजस वृत्ती अलीकडे बोकाळली आहे. सतनामी गुरू मालगुजार झाला आणि बैरागी महंत राजा झाला, या दोन घटना सारख्या नाहीत. महंताला कर्जदार जमीनदाराचा परगणा मिळाला. सतनाम्याला, ज्याच्या हाती गावात जमीन टिकणेच कठीण होते, आपल्याच माणसाच्या नावावर गाव झाल्याचे पाहावयास मिळाले. त्या दृश्याचा अर्थ शोषण एवढाच लावणारा समीक्षक त्या माणसाच्या जागी उभा राहिलेला नाही. रामभक्तीच्या शाखेविषयी मुक्तिबोधांनी विचारलेला प्रश्न या विवेचनानंतरही अनुत्तरित उरतो, आणि माझ्या मते तो तसाच उरावयास हवा.

राजीमची दंतकथा या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. महानदीच्या संगमावरील राजीवलोचनाच्या मंदिराला आणि गावाला ज्या राजीम तेलिणीचे नाव दिले जाते ती तेल विकणारी बाई होती, असे लोक सांगतात. मंदिरातील कलचुरीकालीन शिलालेख राजसत्तेचे आणि तिच्या सरदारांचे गुणगान करतो; लोककथा मात्र देव तेलिणीच्या स्वाधीन करते. महाराष्ट्रात तुकारामांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे तेलीच. या कथांना पुरावा म्हणून कोर्टात उभे करता येणार नाही. पण कोणत्या जातीने देवावर आपला हक्क कोणत्या शब्दांत नोंदविला, हे त्या सांगतात, आणि तेथे भाषा पुन्हा दुकानाचीच असते : माप, तेल, मोल.

राजनांदगावची गोष्ट मात्र अजून पुरी झाली नाही. महंतांच्या घराण्यात पुढे विवाह झाले. घासीदासांच्या मागे त्यांचे पुत्र बलरामदास गादीवर आले. १८८०च्या दशकात नागपूरहून रेल्वे आली आणि १८९०च्या दशकात बलरामदासांच्या काळी तेथे कापडाची गिरणी उभी राहिली. पुढे ती कलकत्त्याच्या शॉ वॉलेस कंपनीकडे जाऊन बेंगाल नागपूर कॉटन मिल्स झाली. १९२० मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली तेथील कामगारांनी दीर्घ संप केला. शालींच्या गाठोड्यापासून सुरू झालेला प्रवास गिरणीच्या भोंग्यापर्यंत आला, आणि येथे प्रथमच विणणारा माणूस व्यवहारात पुन्हा दिसू लागला, तोही काम थांबवून. ही गिरणी २००२ मध्ये बंद पडली. आज या प्रदेशाच्या कापडाची मोठी उलाढाल रायपूरच्या पंडरी भागातील कापडबाजारात होते, आणि तेथे पडणारे ठाण बहुतेक सुरत, भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या गावांतून आलेले असते. मराठी कानाला पंडरी हे नाव पंढरीसारखे ऐकू येते. त्या साम्यावर काही रचू नये. मात्र रायपूरच्या कापडव्यापारात सिंधी, मारवाडी, गुजराती अशा ज्या समाजांची माणसे आहेत, त्यांनी आपापले सत्संगही बरोबर आणले आहेत. फाळणीनंतर सिंधमधील हयात पिताफी येथील शदाणी दरबाराची गादी रायपुरात आली, हे त्याचे ठळक उदाहरण. व्यापारी उखडला की त्याच्यामागोमाग त्याचा संतही वाट चालू लागतो. प्रह्लाददासाच्या बाबतीत व्यापारी आणि संत एकाच अंगरख्यात होते, एवढाच फरक.

मुक्तिबोध १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले आणि १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, अखेरच्या आजारपणाचे महिने सोडले तर, तेथेच राहिले. ते महाविद्यालय महंतांच्याच जुन्या राजवाड्यात भरते, राणीसागर आणि बूढासागर या दोन तलावांच्या मध्ये, आणि नावही याच घराण्यातील अखेरच्या राजांचे आहे. भक्तीवरील निबंध त्यांनी येथे येण्यापूर्वी लिहिला होता. येथे आल्यावर त्यांनी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे शालेय पुस्तक लिहिले. १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. त्याच वर्षी दा. ध. कोसंबी यांचे ‘मिथ अँड रिॲलिटी’ प्रसिद्ध झाले, ज्यात पुण्याच्या आसपासची देवस्थाने आणि जुने व्यापारमार्ग यांचा संबंध पायी हिंडून तपासलेला आहे. कोसंबींनी हिंडण्यासाठी जी पद्धत वापरली ती मुक्तिबोधांच्या वाट्याला आली असती तर त्यांना फार दूर जावे लागले नसते. शालींचा व्यापार, मठ, कर्ज, परगणा, गिरणी आणि संप या सर्वांच्या खुणा त्यांच्या वर्गाच्या भिंतीपासून काही फर्लांगांवर होत्या. ‘ब्रह्मराक्षस’ आणि ‘अंधेरे में’ या कवितांतील पडक्या विहिरी, तळघरे आणि रात्रीच्या मिरवणुका यांचा संबंध समीक्षक या राजवाड्याच्या वास्तूशी जोडतात. तो जोडताना वास्तू पाहिली जाते. ती कोणाच्या कर्जातून उभी राहिली हे पाहिले जात नाही. पुस्तकावर बंदी आल्यानंतर लेखकाने इतिहासाचे दुसरे पुस्तक लिहिले नाही, आणि दोन वर्षांत तो गेला. त्याच्या निबंधाचे पुढचे प्रकरण लिहिण्यासाठी लागणारे कागद, म्हणजे रतनपूर व रायपूरच्या भोसलेकालीन कारभाराची मोडी कागदपत्रे, वाचू शकणारी माणसे मराठीतच अधिक आहेत.